वापुरो हाती आला, आता पुढे काय?

मागच्या अंकात मी जपानी वर्ड प्रोसेसरचा (मजकूर टाइप करून छापणाऱ्या स्वतंत्र यंत्राचा), म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘वापुरो’चा, ओझरता उल्लेख केला आणि त्यावर बरीच पत्रं आली. ती सगळी जपानात राहणाऱ्या वाचकांची आहेत, कारण ही यंत्रंही इथेच सापडतात: शेजाऱ्यांच्या ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, रीसायकल शॉपच्या ‘जंक’ कप्प्यात, नाहीतर घर आवरताना माळ्यावर. नव्वदच्या दशकात कावासाकीच्या एका भाषांतर कचेरीत मी रोज वापुरोवरच काम करायचे आणि आजही माझ्या टेबलावर शार्प कंपनीचा ‘शोइन’ हा वापुरो चालू स्थितीत आहे. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या घरमालकीणबाई मुलाकडे सेंदाईला राहायला गेल्या. जाताना त्यांनी त्यांचा तोशिबा रूपो हा वापुरो मला दिला. झाकण उघडलं की पडदा आणि कीबोर्ड, मागे प्रिंटर, बाजूला फ्लॉपीची फट. प्लग लावून बघू का? आणि हा जुना लॅपटॉपच म्हणायचा ना?
— एक वाचक, एदोगावा, टोकियो

उत्तर : प्लगची घाई करू नका. आधी यंत्र उलटं करून तळाचा स्टिकर वाचा. अडॅप्टर वेगळा असेल तर त्याच्या पिनेचं आतलं टोक धन की ऋण, हे तिथे छोट्याशा आकृतीत दाखवलेलं असतं. जपानी उपकरणांत आतलं टोक ऋण असलेले अडॅप्टर पुष्कळ. भोकात बसतो म्हणून भलताच अडॅप्टर लावला तर सर्किट जळू शकतं. व्होल्ट, अँपिअर आणि टोक, तिन्ही जुळले तरच लावा.

मग नाकाचा उपयोग करा. मासळीसारखा वास आला तर आतले कपॅसिटर गळत आहेत. पडद्याजवळ व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर काचेवरची पोलराइझर फिल्म सडू लागली आहे. मजकूर टिकवणारी आतली चार्ज होणारी बॅटरी असेल आणि तिच्याभोवती हिरवी-पांढरी पावडर दिसली, तर यंत्र सुरू करण्याआधी ती बॅटरी काढायला हवी. सोल्डरिंगचा हात नसेल तर जाणकाराकडून काढून घ्या. पॉवर सप्लायचा भाग मात्र स्वतः उघडू नका, आणि मागून उजेड येणारा पडदा असेल तर त्याचा इन्व्हर्टरही नको. तिथे विजेचा मोठा दाब असतो.

आता दुसरा प्रश्न. लॅपटॉप म्हणून त्याच्याकडे बघाल तर निराश व्हाल. ना इंटरनेट, ना हवं ते सॉफ्टवेअर. हे यंत्र एकाच वाटेसाठी बांधलं आहे: बोट, अक्षर, कागद. प्रिंटर अंगातच आहे ते त्यासाठीच. ही वाट जपानी भाषेसाठी किती अवघड होती ते पाहिलं की रूपोची खरी किंमत कळते. १९१५ साली क्योता सुगिमोतो यांनी जपानी टाइपरायटर बनवला. त्यात सुमारे २,४०० खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, ट्रेमधून हवं ते अक्षर शोधून एकेक उचलावं लागे, आणि त्यासाठी शिकलेली टंकलेखिका ठेवावी लागे. सामान्य माणूस हातानेच लिहायचा. ते बदललं तोशिबाच्या जेडब्ल्यू-१० ने. केनइची मोरी यांच्या गटाने बनवलेलं हे यंत्र १९७८ मध्ये जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी विक्रीला आलं. आकार टेबलाएवढा, वजन सुमारे २२० किलो, किंमत ६३ लाख येन. आणि १९८५ मध्ये त्याच तोशिबाचा पहिला रूपो आला ९९,८०० येनला, उचलून नेता येईल असा. इतक्या थोड्या वर्षांत कचेरीतली ती मोठी वस्तू घरातल्या जेवणाच्या टेबलावर आली. तुमच्या घरमालकीणबाईंसारख्या लाखो लोकांनी त्या टेबलावर शाळेची पत्रकं लिहिली, महिला मंडळाचे हिशेब आखले आणि दर डिसेंबरात नववर्षाची नेनगाजो कार्डं छापली. त्यांना फोन करा आणि त्या यावर काय लिहीत होत्या ते विचारा. यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मिळाली नसेल तर तीही विचारा. काही मॉडेलं सिस्टिमच्या फ्लॉपीशिवाय सुरूच होत नाहीत आणि ती फ्लॉपी बहुतेक वेळा पुस्तिकेच्याच खोक्यात असते.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे, जपानी बऱ्यापैकी येतं. वापुरोवर रोमनमधून टाइप करतो, पण ‘हेनकान’ दाबलं की भलतीच कांजी येते. फोनवर असं होत नाही. यंत्र बिघडलंय का?
— एक वाचक, नागोया

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे. आपण उच्चार टाइप करतो आणि ‘हेनकान’ ही कळ त्याची कांजी, म्हणजे अर्थ सांगणारं चित्राक्षर, करून देते; एकाच उच्चाराच्या अनेक कांजी असतात. फोन तुमचं अख्खं वाक्य बघतो, आधीचा मजकूर बघतो, आणि मग अंदाज बांधतो. जुना वापुरो एका वेळी एक तुकडा बघतो. तेव्हा त्याला तुकड्यानेच भरवा: नाम आणि त्याला लागलेला प्रत्यय इतकं टाइप करायचं, हेनकान दाबायचं, हवी ती कांजी येईपर्यंत पुढचे पर्याय बघायचे, पक्कं करायचं, मग पुढचा तुकडा.

यासाठी एक जुनं परीक्षेचं वाक्य आहे: ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता’. तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कंपनीत परतला. चारही ‘किशा’ उच्चाराने सारख्या, कांजी चार वेगळ्या. हे वाक्य तुकड्या-तुकड्याने घालून बघा. पहिल्या ‘किशा नो’ला कदाचित वार्ताहर येईल, ‘किशा दे’ला तुमची कंपनी. नेटाने चारही बरोबर निवडा. मग खाली तेच वाक्य पुन्हा लिहा. यंत्राने तुमची शेवटची निवड लक्षात ठेवून तीच आधी पुढे केलेली दिसेल, आणि म्हणूनच ती पुढच्याच ‘किशा’ला चुकीची ठरेल! चारपैकी एकच कांजी यंत्राच्या डोक्यात वर असते. शब्दकोश ही चीज कशी चालते ते या दोन ओळींत जितकं उघड दिसतं तितकं कुठल्या पुस्तकात दिसणार नाही. एका तुकड्याच्या पुढे जाऊन वाक्याकडे बघणं यंत्रांना हळूहळू जमलं, आणि त्यासाठी कंपन्यांत वर्षानुवर्षं चुरस होती.

कळांची नावं पाठ करा, काम हलकं होतं. हेनकान म्हणजे बदला, मुहेनकान म्हणजे ‘काना’ या उच्चाराच्या अक्षरांतच राहू द्या, जिक्को म्हणजे करा, तोरिकेशी म्हणजे रद्द. गोंधळलात की तोरिकेशी. मी नवशिक्यांना हीच कळ सर्वांत आधी शिकवते.

आणखी एक. खूप जुन्या, स्वस्त यंत्रात काही कांजी सापडणारच नाहीत. यंत्रांतल्या अक्षरांसाठीच्या १९७८ च्या जपानी प्रमाणकाने कांजींचे दोन स्तर केले: पहिल्यात नेहमीच्या २,९६५, दुसऱ्यात कमी वापरातल्या ३,३८४. सुरुवातीच्या छोट्या वापुरोंत बरेचदा पहिलाच स्तर असायचा, दुसऱ्यासाठी वेगळी रॉम, म्हणजे अक्षरं साठवलेली चिप, घ्यावी लागे. आणि आडनावातल्या काही कांजी दोन्ही स्तरांत नाहीत. ‘ताकाहाशी’मधला ‘ताका’ काही घराणी शिडीसारख्या आकाराने लिहितात, हाशिगो-दाका म्हणतात त्याला. तो त्या प्रमाणकात नाहीच. नेनगाजोवर एखाद्याचं आडनाव चुकीचं छापणं इथे कुणालाच रुचत नाही. मग लोक ते अक्षर स्वतः काढायचे. कसं, ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : ताई, या यंत्रावर मराठी लिहिता येईल का? वेडेपणा वाटेल, पण आईला त्यावर छापलेलं पत्र पाठवायचंय.
— एक वाचक, योकोहामा

उत्तर : वेडेपणा मुळीच नाही, या पत्राने मला फार आनंद झाला. यंत्रात देवनागरी नाही. जपानी प्रमाणकात रोमन आहे, ग्रीक आहे, रशियन लिपीसुद्धा आहे, आपली नाही. पण बहुतेक वापुरोंत ‘गाइजी’ नावाची सोय असते: यंत्रात नसलेलं अक्षर टिंबांच्या जाळीवर स्वतः काढायचं आणि साठवायचं. जुन्या यंत्रांत ही जाळी सर्रास २४ बाय २४ टिंबांची.

आधी चौकोनी वहीत काढून घ्या. वरच्या सहा ओळी मात्रा, वेलांटीची कमान आणि अनुस्वार यांना सोडा. सातवी आणि आठवी ओळ शिरोरेषेची. खाली अकरा ओळींत अक्षराचं अंग आणि शेवटच्या पाच ओळी उकार-ऊकारांना. शिरोरेषा पहिल्या खान्यापासून चोविसाव्यापर्यंत सलग भरायची, अक्षर अरुंद असलं तरीही. म्हणजे शेजारची दोन अक्षरं छापताना रेषा आपोआप जुळते. जुळली नाही, मधे फट दिसली, तर छपाईच्या मेनूत ‘जिकान’, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, शून्य करता येतं का ते बघा. शब्द संपला की कोरा खाना, म्हणजे तिथे रेषा आपसूक तुटेल.

यंत्राला काना-मात्रा जोडता येत नाही, म्हणून क, का, कि, की ही चार वेगळी चित्रं. ‘महाराष्ट्र’ लिहायला चार खाने लागतील: म, हा, रा, ष्ट्र. यातला शेवटचा चोवीस टिंबांत बसवताना कस लागतो. मी ‘ष’चं पोट दोन टिंबांनी अरुंद केलं, ‘ट’ त्याच्या पायाशी नेला आणि रकाराच्या दोन तिरक्या रेघा उकारांच्या जागेत उतरवल्या, तेव्हा कुठे ते वाचता यायला लागलं. ‘वाऱ्या’तला ऱ्या तर हाताने फार सुंदर जमतो, मुद्दाम करून बघा. गाइजीची जागा मोजकी असते. म्हणून सगळी बाराखडी काढत बसू नका. आधी पत्र हाताने लिहा, त्यात कोणती अक्षरं येतात ती वेगळी काढा आणि तेवढीच रेखाटा. शब्द निवडतानाही थोडं जुळवून घ्या: एकदाच येणारं अवघड जोडाक्षर टाळून दुसरा शब्द घेता येतो. आईंना पत्र पोहोचलं की कळवा.

प्रश्न : रिबन सुकलेली आहे, कागदावर काहीच उमटत नाही. नवी रिबन कुठे मिळेल?
— एक वाचक, ओसाका

उत्तर : रिबनचे प्रकार कंपनीगणिक वेगळे, तेव्हा आधी कॅसेटवरचा क्रमांक उतरवून घ्या. काहींच्या रिबन अजून विकत मिळतात, काहींच्या जुन्या साठ्यातूनच, आणि जुनी सीलबंद रिबनही सुकलेली निघू शकते. मी तुम्हाला दुसरी वाट सांगते: रिबन काढून ठेवा आणि फॅक्सचा थर्मल कागद घाला. प्रिंटरचं डोकं उष्णतेनेच छापतं, त्यामुळे थर्मल कागदावर थेट अक्षर उमटतं. कागदाची कोणती बाजू वर घ्यायची ते नखाने हलकेच ओढून बघा. जिथे काळी रेघ उठेल ती बाजू. मेनूत रिबन की थर्मल कागद असा पर्याय असेल तर तो बदला. अक्षरांत आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर औषधाच्या दुकानातलं मुसुई इथेनॉल, म्हणजे पाणी नसलेलं अल्कोहोल, कापसाच्या काडीवर घेऊन, यंत्र बंद आणि गार असताना, डोकं पुसा.

थर्मल कागदावरची अक्षरं फिकी होत जातात, म्हणून जपून ठेवायचं असेल ते लगेच स्कॅन करा.

जुनी रिबन फेकण्याआधी मात्र ती उजेडात धरून बघा. ही रिबन एकदाच वापरायची असते, आणि जिथून शाई कागदावर गेली तिथे अक्षराच्या आकाराची पारदर्शक खिडकी उरते. आधीच्या मालकाने छापलेलं पत्र, पत्ते, सगळं त्यावर ओळीने वाचता येतं. म्हणून ती अखंड टाकू नका, कापून टाका. आणि काही वाचलंत तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

प्रश्न : ताई, माझे सासरे जपानी होते. ते गेल्यावर त्यांचा शार्प शोइन आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या फ्लॉप्या मिळाल्या. ते त्यांच्या हायकू मंडळाचं पत्रक त्यावर काढायचे. सासूबाईंना त्यातलं वाचायची फार इच्छा आहे. आम्ही फ्लॉपी संगणकाला लावली तर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतो.
— एक वाचक, सायतामा

उत्तर : फॉरमॅटला ‘नाही’ म्हणा. हे आधी लिहिते, मग बाकीचं. डिस्क रिकामी किंवा खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. शोइन, रूपो, बुंगो, ओएसिस या वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापुरोंपैकी प्रत्येकाने मजकूर साठवायची आपापली पद्धत ठेवली होती आणि संगणकाला ती कळत नाही, इतकंच. दुसऱ्या कंपनीच्या वापुरोत घातली तरी तोही ‘शोकिका’, म्हणजे कोरी करू का, असं विचारील. तिथे तोरिकेशी.

आता प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग धातूची पट्टी हळूच बाजूला करून आतली तपकिरी चकती बघा. इथल्या पावसाळी दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. पांढरे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, कारण बुरशी वाचणाऱ्या डोक्याला लागते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडे काढते. अशा फ्लॉप्या वेगळ्या ठेवून जुन्या फ्लॉप्या साफ करणाऱ्यांकडे द्या.

चांगल्या फ्लॉप्यांसाठी सर्वांत सोपा वाचक म्हणजे खुद्द सासऱ्यांचा शोइन. पण त्यातही आधी बिनमहत्त्वाची फ्लॉपी घालून पाहा. ड्राइव्हमधला रबरी पट्टा इतक्या वर्षांत सैल पडतो किंवा डांबरासारखा वितळतो. मोटरचा आवाज येतो, चकती फिरत नाही. पट्टा बदलता येतो आणि ते काम करणारे लोक जपानात आहेत. कोरी फ्लॉपी शोधताना एकच भोक असलेली, कमी क्षमतेची २डीडी घ्या. दोन भोकांची २एचडी दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी लावून कधी चालते, पण सासऱ्यांच्या मजकुराची प्रत तिच्यावर ठेवू नये. सोनीने जपानातली फ्लॉपीविक्री २०११ मध्येच थांबवली, तेव्हा जुन्या साठ्यातूनच मिळेल.

यंत्र सुरू झालं, पत्रक पडद्यावर आलं, की पानागणिक पडद्याचा फोटो काढा. साधी गोष्ट आहे, पण मजकूर हाती लागतो. मग थर्मल कागदावर छापा, कारण उभी ओळ, आखलेली चौकट, शीर्षकाची दुप्पट रुंद अक्षरं, ही सासऱ्यांनी केलेली मांडणी छापल्यावरच दिसते. उशिराच्या बऱ्याच मॉडेलांत मजकूर एमएस-डॉसच्या, म्हणजे जुन्या संगणकप्रणालीच्या, फाइलमध्ये काढायची सोय असते. मेनूत सापडली तर संगणकावर अक्षरं येतील, मांडणी जाईल. शोइन सुरूच झाला नाही तर ग्रीझविझलसारख्या उपकरणाने फ्लॉपीवरची चुंबकीय नोंद जशीच्या तशी उतरवून घेता येते आणि अर्थ नंतर लावता येतो. वापुरोचा मजकूर बदलून देणाऱ्या सेवाही आहेत. देण्याआधी सासूबाईंना विचारा, कारण त्या डब्यात खासगी पत्रंही असतील.

यंत्राचा शब्दकोशही बघा. नेहमी लागणारे शब्द वापरणारा स्वतः नोंदवून ठेवायचा. हायकूवाल्या माणसाने नोंदवलेले ऋतूंचे शब्द, मंडळातल्या मित्रांची नावं, टोपणनावं तिथे असण्याची दाट शक्यता आहे. ती यादी कुठल्याच फ्लॉपीवर नसेल, फक्त यंत्राच्या स्मृतीत असेल, आणि आतली बॅटरी काढली की जाईल. म्हणून तुमच्या बाबतीत बॅटरीला हात लावण्याआधी यादी उतरवून घ्या. बॅटरी गळून सर्किटपर्यंत पोहोचली असेल तर मात्र यादीचा मोह सोडून यंत्र वाचवा.

प्रश्न : रीसायकल शॉपमध्ये फुजित्सूचा ओएसिस पाहिला. कीबोर्ड विचित्र आहे, एकेका कळेवर दोन-दोन काना. घ्यावा का?
— एक वाचक, फुकुओका

उत्तर : चालू असेल तर जरूर घ्या. तो ओयायुबी शिफ्ट, म्हणजे अंगठ्याच्या शिफ्टचा कीबोर्ड. १९८० च्या ओएसिस १०० बरोबर आला, यासुनोरी कांदा यांच्या गटाने बनवलेला. खाली मधोमध अंगठ्यांच्या दोन कळा आहेत. नुसती कळ दाबली की खालचा काना, त्याच हाताच्या अंगठ्यासह दाबली की वरचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यासह दाबली की ‘का’चा ‘गा’. एका ठोक्यात एक काना, आणि बोटं तीन ओळींच्या बाहेर जात नाहीत. लेखणीवर पोट असलेल्या कितीतरी लोकांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही. फुजित्सूने २०२१ मध्ये या कीबोर्डची विक्री थांबवली, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला ओएसिस पुढे दुर्मीळच होत जाणार. दुकानात प्लग लावून बघायची परवानगी मागा, आणि दोन्ही अंगठ्यांच्या कळा प्रत्येक वेळी नीट लागतात का ते तपासा. त्या अडकत असतील तर बाकी यंत्र कितीही चकाचक असलं तरी ठेवून या.